दुप्पट, पण कशाच्या दुप्पट?

नमस्कार मंडळी! आज एका साध्या शब्दाबद्दल बोलायचंय, तो म्हणजे दुप्पट. अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट, तमुक गोळीने धोका दुप्पट, असं काही कानावर आलं की पोटात गोळा येतो ना? माझ्याही येतो. पण ही दुप्पट नक्की कशाची, हे बातमीत बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं.

1995 चा ऑक्टोबर, ब्रिटन. तिथल्या सरकारी औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका जवळपास दुप्पट होतो. पेपरात, टीव्हीवर दणक्यात बातमी, आणि घाबरून कितीतरी बायकांनी गोळ्या घेणंच सोडून दिलं. आता आकडा ऐका. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण 7000 बायकांमध्ये एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांमुळे ते प्रमाण 7000 मध्ये दोन झालं. झाली की दुप्पट! खोटं काहीच नाही त्यात, पण खरी वाढ किती, तर सात हजारांमागे एक. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्तीचे झाले, आणि वाईट म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, म्हणजे ज्या धोक्याला घाबरून गोळी सोडली त्याहून मोठा धोका पदरात पडला. "सात हजारांत एकीच्या जागी दोन" एवढं एक वाक्य मथळ्यात घातलं असतं तर किती फरक पडला असता!

असाच घोळ 2015 मध्ये सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसावरून झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ते तंबाखूच्या गटात टाकलं, लगेच बेकन सिगरेटइतकंच घातक अशा हेडलाईन्स. अहो, तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो असं ते म्हणत होते. समजा आयुष्यभरात शंभरात 5 जणांना तो होत असेल, तर 18 टक्के वाढून ते जेमतेम 6 होतात, 23 नाही. दुर्लक्ष करा असं नाही म्हणत मी, पण सिगरेटशी तुलना कुठल्या कुठे गेली.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकारच वाईट. मलाही तसंच वाटायचं. मग 2014 मधला कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास वाचनात आला, त्यांनी ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या 462 प्रेसनोट तपासल्या होत्या. उंदरांवरचा प्रयोग माणसाला लागू करून टाकणं वगैरे अतिशयोक्ती अनेकदा प्रेसनोटमध्येच होती! प्रेसनोटमध्ये प्राण्यांवरून माणसावर उडी मारलेली असेल तर 86 टक्के बातम्यांमध्येही तीच उडी, आणि प्रेसनोट सरळ असेल तर फक्त 10 टक्क्यांमध्ये. म्हणजे मीठमसाला बऱ्याचदा विद्यापीठातूनच येतो, पेपरवाले फक्त वाढतात. अर्थात फोन करून एक प्रश्न विचारायला कुणी त्यांचा हात धरला नव्हता, हेही खरंच.

फोनवरून आठवलं. जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम एक अभ्यास केला, चॉकलेट खाल्लं की वजन लवकर उतरतं म्हणे. प्रयोग खरा होता हं, माणसंही खरी, पण मोजून 15, आणि त्यांचं वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा तब्बल 18 गोष्टी मोजलेल्या. आता 18 वेळा खडा मारला तर एखादा लागणारच, प्रत्येक गोष्टीत योगायोगाने यश मिळायची शक्यता फक्त 5 टक्के धरली तरी 18 मधली निदान एक लागण्याची शक्यता साधारण 60 टक्के होते. लागला तो खडा वजनाचा. पैसे भरले की छापून देणाऱ्या जर्नलमध्ये शोधनिबंध छापून आला आणि जर्मनीतल्या बिल्ड या वर्तमानपत्रासकट कितीतरी ठिकाणी बातमी झळकली. 2015 च्या मेमध्ये त्याने स्वतःच हे सगळं उघड केलं आणि सांगितलं की बाहेरच्या एकाही तज्ज्ञाला कुणी विचारलेलं दिसलं नाही, किती जणांवर प्रयोग केलात हे फार थोड्यांनी विचारलं, आणि तो 15 चा आकडा छापला मात्र एकानेही नाही.