साओ पाउलोमधील पिंपांचा कारखाना

ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात पोंपेया नावाचा जुना कामगार भाग आहे. फरसबंदीच्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना विटांच्या ज्या लांबच लांब शेड तेथे आहेत, त्या गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात बांधल्या गेल्या. येथे आधी लोखंडी पिंपे तयार होत आणि नंतर फ्रीज. कारखाना बंद पडल्यावर १९७१ साली सेस्क या समाजकल्याण संस्थेने ही जागा विकत घेतली.

या जागेचे सांस्कृतिक व क्रीडा केंद्र करण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्या वास्तुरचनाकार लीना बो बार्दी १९७६ मध्ये प्रथम येथे आल्या, तेव्हा त्यांचे लक्ष गेले ते इमारतीच्या सांगाड्याकडे. एनबिक पद्धतीच्या, म्हणजे आत लोखंडी सळ्या घालून काँक्रीट मजबूत करण्याच्या पद्धतीच्या, सुरुवातीच्या काळातील हे बारीक काँक्रीटचे खांब त्यांना मोलाचे वाटले. दुसऱ्यांदा त्या आल्या तो शनिवार होता. आजूबाजूची कुटुंबे रिकाम्या शेडमध्ये जमली होती, आया मांस भाजत होत्या, एका कोपऱ्यात बाहुल्यांचा खेळ चालला होता आणि फुटक्या छपरातून गळणाऱ्या पावसाच्या पाण्यात मुले चेंडू खेळत होती. हे सारे असेच चालू राहिले पाहिजे, असे बो बार्दींनी तेथेच ठरवले. पुढील सगळे काम त्या एका निर्णयातून निघाले आहे, आणि जुन्या वास्तूंचे रूप पालटणाऱ्या प्रत्येकाने आधी हा शनिवार समजून घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. इमारत सुंदर होती, हे खरे. पण ती राखली गेली ती तिच्या आत आधीच नांदत असलेल्या माणसांसाठी.

बो बार्दींनी आपले कार्यालयच बांधकामाच्या जागेवर थाटले आणि गवंडी, सुतार व अभियंत्यांबरोबर रोज बसून त्या एकेक गोष्ट ठरवत गेल्या. भिंतींचा गिलावा खरवडून आतली वीट उघडी केली. मोठ्या दालनातील आडभिंती काढल्या आणि जमिनीतून वळणे घेत जाणारा पाण्याचा उथळ पाट केला. ब्राझीलमधील साओ फ्रान्सिस्को नदीचे नाव त्याला मिळाले. या पाटाच्या काठावर कोणी वर्तमानपत्र वाचते, कोणी बुद्धिबळ खेळते, तर कोणी नुसतेच बसून राहते, आणि बसण्यासाठी तिकीट लागत नाही. पलीकडच्या शेडमध्ये काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या बुटक्या भिंतींनी कार्यशाळा आखल्या आहेत. भिंती बुटक्या असल्यामुळे मातीकाम करणाऱ्याला शेजारी विणकाम चाललेले दिसते. नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, तेही गादी नसलेल्या लाकडी खुर्च्यांवर. त्याबद्दल तक्रारी झाल्या, तेव्हा प्राचीन ग्रीक प्रेक्षक दगडावर बसत, याची बो बार्दींनी आठवण करून दिली.

१९८२ मध्ये हा भाग लोकांसाठी खुला झाला. खेळांच्या सोयी मात्र अजून व्हायच्या होत्या आणि तेथे एक अडचण होती: उरलेल्या जागेखालून बंदिस्त ओढा वाहत असल्याने तिच्या मधल्या पट्ट्यावर बांधकाम करता येत नव्हते. म्हणून ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे दोन मनोरे उभारून ते हवेतल्या पुलांनी जोडण्यात आले. एका मनोऱ्यात पोहण्याचा तलाव आणि खेळाची मैदाने एकावर एक रचली आहेत. त्यांच्या खिडक्या म्हणजे गुहेच्या तोंडासारखी वेडीवाकडी भोके असून त्यांना काच नाही, लाल लाकडी जाळ्या आहेत. ओढ्यावरच्या पट्ट्यावर फळ्या अंथरल्या आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरातील लोक तेथे उन्हात पहुडतात आणि त्या जागेला समुद्रकिनारा म्हणतात. मनोऱ्यांचे काम १९८६ मध्ये पूर्ण झाले.

हे सगळे चालवण्यासाठी पैसा कोठून येतो, हा प्रश्न रास्त आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या सेस्कला व्यापार व सेवा क्षेत्रातील आस्थापनांकडून पगारखर्चाच्या दीड टक्का रक्कम कायद्याने मिळते. त्यामुळे येथील शेड दुकानांना भाड्याने द्याव्या लागल्या नाहीत आणि जुन्या कारखान्याच्या वाट्याला अनेकदा येणारे महागड्या बाजारपेठेचे रूप पोंपेयाला घ्यावे लागले नाही.