सायबिणीचं तेल

म्हापशात मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त. सोमवारची सकाळ. सेंट जेरोमच्या इगर्जीबाहेर मेणबत्त्यांची आणि खाज्यांची दुकानं. रांगेत कुंकू लावलेल्या एक बाई उभ्या आहेत. हातात खोबरेल तेलाची बाटली, बूच सुटू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळून रबर लावलेलं. नवसाचं तेल. पुढची ख्रिस्तांव म्हातारी जरा सरकून त्यांना सावलीत घेते.

या बाईंचा बाप्तिस्मा झालेला नाही. मग त्यांना स्वर्ग मिळेल का?

1442 साली कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स परिषदेचं उत्तर रोखठोक होतं: चर्चबाहेर मरणारे सगळे अनंत अग्नीत. शंभर वर्षांनी, 6 मे 1542 रोजी, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले ते याच समजुतीने. पुढे जपानात नवे ख्रिस्ती त्यांना विचारू लागले, आमचे मेलेले आईबाप कुठे आहेत? दानधर्म केला, प्रार्थना केली तर सुटतील का? झेवियर म्हणत, नाही. लोक रडत. जानेवारी 1552मध्ये कोचीहून धाडलेल्या पत्रात ते लिहितात, की हे दुःख पाहून कधी कधी आपल्यालाही अश्रू आवरत नाहीत. जुन्या गोव्यात, बॉम जेझू चर्चमध्ये त्यांचे अवशेष ठेवलेल्या चांदीच्या पेटीसमोर मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा हे पत्र आठवतं.

गोव्याच्या साष्टी-बार्देशातल्या घरांतही हा प्रश्न पडलाच असणार. मुलगा ख्रिस्तांव झाला. पण ग्रामदेवतेला नारळ ठेवून गेलेल्या बापाचं काय?

उत्तर फार हळू बदललं. बॉस्टनमध्ये फीनी नावाचे पाद्री ‘चर्चबाहेर कुणीच तरणार नाही’ यावर इतके अडून बसले, की 1953 साली तेच चर्चबाहेर काढले गेले. कारण आज्ञाभंगाचं होतं, पण गंमत राहतेच. मग 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, तेही तरू शकतात. योहानाच्या शुभवर्तमानातलं ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ हे वाक्य शब्दशः धरणारे अनेक प्रॉटेस्टंट पंथ आजही इतकं पुढे जात नाहीत.

पण ‘कळला नाही’ हे गोव्यात कसं लावायचं? इथल्या हिंदूंच्या कानावर कित्येक पिढ्या इगर्जीची घंटा पडते आहे. बाई तर थेट वेदीपाशी निघाल्यात.

कार्ल राहनर या जर्मन धर्मपंडितांनी यावर एक शब्द दिला: निनावी ख्रिस्ती. म्हणजे तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुम्ही आमचेच. भाव प्रेमाचा, तरी न विचारता नाव घालणं ते नाव घालणंच, असा आक्षेप तेव्हाही निघाला.

आता बाईंकडे पाहा. त्यांच्या लेखी सायबीण म्हणजे मिराबाई, शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात देवी-बहिणींतली एक. राहनरनी हिंदूंचं जे केलं, तेच गोव्यातल्या हिंदूंनी मेरीचं केलं, आणि कितीतरी आधी. न विचारता घरात घेतलं.

रांग सरकते. रबर निघतं, प्लास्टिक निघतं. बाई तेल वाहतात, तळाशी थोडं राखून बूच पुन्हा घट्ट लावतात. घरी कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याला लागणार आहे.