दोन पातेल्यांतलं लोणी

[दृश्य: ओट्यावर स्टीलची दोन पातेली. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन.]

पुण्यातलं आमचं स्वयंपाकघर. ओट्यावर दोन पातेली आहेत आणि दोन्हींत एकाच डेअरीतून आणलेलं अर्धा-अर्धा किलो क्रीम आहे. डावीकडचं आणलं तसं रात्रभर फ्रीजमध्ये होतं. उजवीकडचं कोमट करून त्यात चमचाभर दही कालवलं, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलं आणि पहाटे उठून फ्रीजमध्ये सरकवलं. दोन्हींत फरक तेवढाच. आज दोन्हींचं लोणी काढायचं आहे आणि चव बघायला आई साताऱ्याहून आली आहे.

आईला हे सगळं मुळात पटलेलंच नाही. "विकतचं क्रीम आणून लोणी? सायीचं कर की."

पण साय आणायची कुठून? घरात आम्ही दोघं, दूध रोज अर्धा लिटर, तेही पिशवीतलं. टोण्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के. त्यातून बरंचसं पिशवीचं दूध होमोजिनाइज्ड असतं, म्हणजे जोराच्या दाबाखाली बारीक फटींतून काढून त्यातले चरबीचे थेंब इतके लहान केलेले असतात की ते वर तरंगून येतच नाहीत. तापवलं की पातळ पापुद्रा धरतो, बोटभर जाडीची साय येत नाही. आठवडाभर जमवली तरी वाटी भरत नाही आणि तोवर पहिल्या दिवशीची साय कडवट झालेली असते.

म्हणून क्रीम. पण कुठलंही क्रीम चालत नाही, हे मी अर्धा तास मिक्सर फिरवून शिकले आहे.

[दृश्य: दुकानातल्या फडताळावरचे डबे. कॅमेरा डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांवर.]

पहिल्यांदा मी आणला तो भाजीत घालायच्या क्रीमचा छोटा खोका. त्यात स्निग्धांश 25 टक्के, शिवाय ते फुटू नये, पाणी सुटू नये म्हणून घातलेले स्थिरक. फिरवत राहिले. आधी फेस आला, मग तो बसला आणि शेवटी भांडं गरम होऊन हातात आलं कोमट, पांढरं पाणी. त्या क्रीमचा काही दोष नव्हता. फुटायचं नाही, याच कामासाठी ते बनवलेलं असतं आणि मी त्याच्याकडून नेमकं उलटं मागत होते.

केकवाल्यांच्या दुकानात मिळणारं व्हिप टॉपिंग तर या कामासाठी घेऊच नका. त्यातलं बरंचसं वनस्पती तेलाचं असतं. दिसतं क्रीमसारखं, फुगतं त्याहून छान, पण दुधाची चरबी नसेल तर लोणी यायचं कुठून? डब्याच्या मागे दूध लिहिलंय की तेल, तेवढं वाचा.

आज वापरलंय ते डेअरीतलं सुटं क्रीम. दूध सेपरेटरमधून फिरवलं की जड भाग कडेला जातो आणि हलकं क्रीम मध्ये गोळा होऊन वेगळ्या तोटीने बाहेर पडतं. गुस्ताफ दे लावाल या स्वीडिश अभियंत्याने 1878 साली हे यंत्र आणलं. त्याआधी जगभरच्या बायकांना साय वर यायची वाट बघत बसावं लागे. आमच्या डेअरीवाल्या काकांच्या सांगण्याप्रमाणे या क्रीममध्ये साधारण 40 टक्के स्निग्धांश आहे. म्हणजे अर्ध्या किलोत 200 ग्रॅम चरबी. लोण्यात थोडं पाणी राहतंच, म्हणून हाती पावकिलोच्या आसपास गोळा लागावा.

[दृश्य: आईच्या हातात लाकडी रवी. डावीकडचं पातेलं.]

मिक्सर आहे, पण आज रवी. मिक्सरने काम लवकर होतं खरं, पण त्याचं पातं तापतं आणि लोणी तेलकट होतं. घुसळताना क्रीम गार हवं, 12-14 अंशांच्या आसपास. फार गार असलं तर थेंब दगडासारखे घट्ट राहतात, एकमेकांना चिकटत नाहीत. गरम झालं तर वितळून पसरतात. आईने आयुष्यात थर्मामीटर धरला नाही. ती करंगळी बुडवते आणि म्हणते, "झालं."

आता ऐका. इथे मी गप्प बसते.

[घुसळण्याचा आवाज.]

ही सुरुवातीची चळचळ. क्रीम पातळ आहे आणि रवी त्यात सैल फिरते आहे. दुधातला चरबीचा प्रत्येक थेंब एका पातळ आवरणात गुंडाळलेला असतो, म्हणून थेंब शेजारी शेजारी राहूनही मिसळत नाहीत. रवी ती आवरणं फाडते आहे. आता आवाज बसला, जड झाला. क्रीम फुगलंय, रवी उचलली तर टोकं उभी राहतात. नवखी माणसं इथेच थांबतात, हात भरून येतो म्हणून किंवा बिघडलं असं वाटून. थांबायचं नाही. बघा, गुळगुळीतपणा गेला, रवाळ दिसायला लागलं. थेंब थेंबांना धरताहेत. आणि आता...

[चबक, चबक, चबक.]

हा आवाज. आजोळी मी अंथरुणात पडून हाच आवाज ऐकायचे. घुसळखांबाला दोरीने अडकवलेली रवी, दोरीची दोन टोकं आजीच्या दोन हातांत आणि एका क्षणी आवाज एकदम मोकळा व्हायचा. लोणी आलं. आम्ही पोरं उठून धावायचो, कारण पहिला गोळा तळहातावर मिळायचा. इतका वेळ पाण्यात चरबी विखुरलेली होती, आता चरबीत पाण्याचे थेंब अडकलेत. सगळा कारभार उलटा होतो, तोही दोन-चार घुसळण्यांत.

डाव्या पातेल्याला पाऊण तास लागला. उजव्याला, विरजलेल्याला, अर्ध्या तासाच्या आतच लोणी आलं. आंबल्यावर थेंब लवकर सुटतात. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण बिनविरजलेली साय तिने कधी रवीखाली घातली नाही.

दोन्ही गोळे बर्फाच्या पाण्यात धुऊन घेऊ. पाणी गढूळ झालं की ओतायचं, नवं घ्यायचं, निवळशंख राहीपर्यंत. हे धुणं उरकून टाकू नका. आत ताकाचा अंश राहिला तर लोणी दोन दिवसांत खवट होतं. धुतलेला गोळा पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला.

[दृश्य: दोन वाट्यांत दोन गोळे. दोन्ही पांढरेशुभ्र.]

रंगात फरक नाही. म्हशीच्या दुधाचं लोणी असंच पांढरं. गाईच्या दुधात गवतातलं कॅरोटीन उतरतं म्हणून तिचं पिवळसर, म्हैस मात्र त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. पण जवळ जाऊन वास घ्या. डावीकडे गोडसर, दुधाचा. उजवीकडे तो ओळखीचा वास, फडक्यात बांधलेल्या दह्याचा, कोपऱ्यातल्या शिंक्याचा. दह्यातले जिवाणू क्रीम आंबवताना डायॲसिटिल नावाचा पदार्थ तयार करतात. लोण्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यात मोठा वाटा त्याचा.

आणि ही ओढ फक्त आपल्या खेड्यापाड्यांतली नाही. मुंबईत एके काळी पोल्सनचं लोणी घरोघरी होतं, इतकं की खुशामत करण्याला 'पोल्सन लावणं' म्हणत. ते आंबलेल्या क्रीमचं असे. 1950च्या दशकात आणंदहून अमूलचं ताज्या क्रीमचं लोणी आलं तेव्हा ते लोकांना सपक वाटलं. मग त्यात मीठ वाढलं आणि वासासाठी डायॲसिटिल आलं. चमचाभर विरजण जे रात्रभरात करतं, ते कारखान्याला वरून घालावं लागलं.

उरलेल्या पाण्याचंही तेच. डाव्या पातेल्यात राहिलंय ते पातळ गोडं दूध, त्याची मी कणीक भिजवणार. उजव्या पातेल्यात ताक आहे. खरंखुरं, लोणी काढलेलं ताक. मीठ, जिरं, किसलेलं आलं.

[दृश्य: तव्यावर ज्वारीची भाकरी. आई पाटावर.]

आई डाव्या वाटीतलं बोटावर घेते, जिभेवर ठेवते. "बटर आहे," म्हणते, "चांगलं आहे. पावाला लाव." मग उजव्या वाटीतलं. काहीच बोलत नाही. भाकरीचा पापुद्रा उचलते, आत गोळा ठेवते, पापुद्रा पुन्हा मिटते. कडेने लोणी पाझरायला लागतं. शेजारी कारळाची चटणी.

"अजून एक टाक," ती तव्याकडे बघत म्हणते, "आणि ते दही थोडं बाजूला काढून ठेव गं, उद्याच्या विरजणाला."