पाळलेला साप खोलीतून निसटला तर

नमस्कार. अंधेरी किंवा माटुंग्याच्या पेइंग गेस्ट खोलीत, जिथे दोन खाटांमधून जेमतेम एक माणूस जाऊ शकतो, तिथे कोणी बॉल पायथन पाळला असेल आणि सकाळी त्याच्या टाकीचे झाकण सरकलेले दिसले, तर शोधाशोध करण्याआधी सोबत राहणाऱ्यांना आणि घरमालकांना सांगावे. बोलणी खावी लागतील, कदाचित खोलीही सोडावी लागेल. परंतु आफ्रिकेतला हा साप बिनविषारी असला, तरी त्याच्या अंगावरचे तपकिरी पट्टे अंधुक उजेडात घोणशीसारखे भासतात, आणि ज्याला कोणी काहीच सांगितलेले नाही तो माणूस आधी काठी शोधणार, हे उघड आहे.

त्यानंतर दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबावा आणि न्हाणीची जाळी घट्ट बसवावी. हा साप निशाचर असल्यामुळे दिवसा तो अरुंद, उबदार जागी दडून बसतो. फ्रिजमागे कॉम्प्रेसरजवळ, गादीखालच्या खणात, पुस्तकांच्या मागे पाहावे. फ्रिज हलवण्यापूर्वी प्लग काढावा आणि वॉशिंग मशीन तपासल्याशिवाय लावू नये. काही सापडले नाही, तर रात्री उंबऱ्यापाशी आणि भिंतीकडेने गव्हाच्या पिठाचा पातळ थर पसरावा. साप त्यावरून सरकला, की मधोमध फिसकटलेला पट्टा उमटतो आणि तो कोणत्या दिशेला गेला ते कळते. घाई नको, कारण निरोगी बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो.

उंदरांसाठीचा चिकट सापळा मात्र तात्काळ उचलावा. साप त्याला चिकटला, तर ओढू नये, कातडी सोलवटते. खाद्यतेल लावून हळूहळू सोडवावा.

कायद्याचेही सांगायला हवे. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. दुकानदाराने काहीही सांगितले असले तरी कागद तपासावेत.

आणि आरे किंवा पवईच्या झाडीलगत राहत असाल, तर खाटेखाली दिसलेले वेटोळे तुमच्याच सापाचे असेल असे गृहीत धरून हात घालू नका. दार लावून बाहेर या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.