मारी: रुळांच्या दोन बाजूंचं गाव

[दृश्य: सपाट तांबडी जमीन, दूरवर एक दुमजली दगडी इमारत]

ॲडलेडहून सकाळी निघालं, दिवसभर उत्तरेकडे गाडी हाकली, फ्लिंडर्सच्या डोंगररांगा मागे पडल्या, की झाडं बुटकी होत होत शेवटी दिसेनाशी होतात. मग नुसती माती, दगडगोटे आणि आभाळ. जवळजवळ सातशे किलोमीटरनंतर मारी येतं. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातलं हे गाव शंभराच्या आतबाहेर वस्तीचं. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

इथे रस्त्याला फाटे फुटतात. एक जातो बर्ड्‌सव्हिलला, ५१७ किलोमीटर, क्वीन्सलँडच्या हद्दीपलीकडे. दुसरा पश्चिमेला वळून ऊडनाडाटाकडे. त्यामुळे बहुतेक प्रवासी मारीत डिझेल भरतात, हॉटेलात जेवतात, फार तर एक रात्र राहतात आणि पुढे निघतात. आपण थांबणार आहोत. घाईत सुटून जावं असं हे गाव नाही.

[दृश्य: जुनं स्टेशन, फलाट, रुळांवर उभी डिझेल इंजिनं]

गावाच्या मधोमध स्टेशन आहे, गाडी मात्र येत नाही. १८८४ साली रेल्वे इथवर पोचली आणि मारी भरभराटीला आलं. पुढे लोहमार्ग ऊडनाडाटापर्यंत गेला, १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत. १९५७ नंतर दक्षिणेकडून येणारी रुंद रुळांची गाडी इथेच संपायची आणि इथून पुढे अरुंद रूळ सुरू व्हायचे. म्हणजे पुढे जाणारी प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं आणि प्रत्येक प्रवासी इथे उतरून दुसऱ्या गाडीत चढणार. त्या चढउतारावर कितीतरी घरांच्या चुली पेटत. पण जुना मार्ग पुरात वारंवार वाहून जाई. १९८० मध्ये ‘द घान’ ही प्रसिद्ध गाडी पश्चिमेकडच्या नव्या मार्गाने धावू लागली आणि मारीचा फलाट ओस पडला.

रुळांनी गाव जोडलं तसं ते दुभंगलंही. एका बाजूला गोऱ्यांची घरं, हॉटेल आणि दुकानं. दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची आणि मूळ रहिवाशांची वस्ती.

[दृश्य: गवती छपराची छोटी मशीद, लाकडी खांब]

हे उंटवाले कोण होते? ऑस्ट्रेलियात सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं. प्रत्यक्षात त्यांत बलुची होते, पठाण होते, पंजाबी आणि सिंधीही होते. १८६६ च्या उंबरठ्यावर थॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्याने मागवलेले शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवाले पोर्ट ऑगस्टाच्या धक्क्यावर उतरले. त्यांचं जहाज सुटलं होतं कराचीहून. तेव्हाची कराची मुंबई इलाख्यात होती. ज्या सरकारचा कारभार मुंबईतून चाले, त्याच सरकारच्या बंदरातून ही माणसं समुद्रापार गेली, आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला याची हळहळ वाटते.

बैल आणि घोडे या मुलखात टिकत नव्हते, त्यांना रोज पाणी लागे. उंट दिवसेंदिवस पाण्यावाचून चालत आणि एकेक ताकदवान उंट पाठीवर कित्येक क्विंटल ओझं वाही. नाकात वेसण आणि एकामागे एक बांधलेले उंट, असे तांडे मारीहून निघत. जाताना पीठ, चहा, साखर, पत्रे, कुंपणाच्या तारा. येताना लोकरीच्या गाठी. दूरवरचे पशुपालनाचे मळे वसले ते या तांड्यांच्या भरवशावर. देशाच्या पोटातून दक्षिणोत्तर टाकलेली तारयंत्राची लाइन १८७२ मध्ये पुरी झाली, त्या कामातही उंट राबले.

ही मशीद ऑस्ट्रेलियातल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी एक. आता दिसते ती जुन्या मशिदीची नव्याने उभारलेली प्रतिकृती आहे. मूळ मशीद मातीची होती आणि समोर हातपाय धुण्यासाठी पाण्याचं कुंड होतं. जिथे पिण्याचं पाणी जपून वापरावं लागे, तिथे त्यांनी नमाजाआधीच्या पाण्याची सोय आधी केली. गावात खजुराची झाडं दिसतात, तीही त्यांच्याच काळाची आठवण.

या वस्तीतलं एक नाव आवर्जून घ्यायला हवं: बेजा दरवेश. जन्म बलुचिस्तानचा. १८९६ मध्ये लॉरेन्स वेल्स यांच्या मोहिमेतले उंट त्यांच्या हवाली होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात त्या मोहिमेतली दोन माणसं तहानेने गेली. बेजांनी उंट सांभाळले, धीर सोडला नाही. वेल्स यांनी कृतज्ञतेने आपलं होकायंत्र त्यांना देऊन टाकलं. बेजा पुढे मारीत स्थायिक झाले. १९३९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ सेसिल मॅडिगन सिम्पसन वाळवंट ओलांडायला निघाले, तेव्हा त्यांच्या उंटांसोबत बेजांचा मुलगा जॅक होता. एका घरातल्या दोन पिढ्यांनी दोन वाळवंटं पायाखाली घातली.

आणि या माणसांना मिळालं काय? कितीतरी जणांना नागरिकत्व नाकारलं गेलं, बायकामुलांना मायदेशाहून आणता येईना. अनेकांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली, बहुतेकदा मूळ रहिवासी समाजातल्या. १९२० नंतर मोटारलॉऱ्या आल्या आणि १९२५ मध्ये मोकाट उंट मारायला परवानगी देणारा कायदा झाला. आयुष्यभर पोसलेल्या जनावरावर गोळी झाडण्यापेक्षा अनेकांनी उंट रानात सोडून दिले. आजचे ऑस्ट्रेलियातले रानटी उंट त्यांचेच वंशज.

गावाच्या कबरस्तानात जरूर जा. तिथेही वेगवेगळे भाग आहेत: गोऱ्यांचा एकीकडे, उंटवाल्यांचा दुसरीकडे, मूळ रहिवाशांचा तिसरीकडे. जिवंतपणी रुळांनी केलेली वाटणी मेल्यावरही कायम राहिली. मारीत मी जे जे पाहिलं त्यात सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच.

[दृश्य: मारी हॉटेल, आतल्या भिंतीवरचे जुने फोटो]

हे दुमजली हॉटेल १८८३ चं. आत टॉम क्रूझ यांच्या आठवणी जपल्या आहेत. सिनेमातला नट नव्हे, हे टपालवाले. १९३६ पासून त्यांनी मारी ते बर्ड्‌सव्हिल टपालाची लॉरी चालवली. टपालासोबत किराणा, औषधं, इंधन आणि कधी प्रवासीही. लॉरी वाळूत रुतली की चाकांखाली लोखंडी पत्रे टाकायचे, थोडं पुढे जायचं, मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे टाकायचे. कूपर नदीला पूर आला की सगळा माल होडीतून पलीकडे न्यायचा. त्या वाटेवरच्या एकाकी कुटुंबांना बाहेरच्या जगाची खबर त्यांच्या लॉरीतून मिळे.

आता बर्ड्‌सव्हिलचा रस्ता बराच सुधारला आहे. वाटेत रानकुत्र्यांना, म्हणजे डिंगोंना, अडवणारं पाच हजार किलोमीटरहून लांब कुंपण आडवं येतं. तरी हा रस्ता हलक्यात घेऊ नका. १९६३ च्या नाताळात एक अख्खं कुटुंब, पाच माणसं, इथे वाट चुकून तहानेने मरण पावलं.

[दृश्य: छोट्या विमानातून जमिनीवरची प्रचंड रेखाकृती]

पर्यटकांचं मुख्य आकर्षण गावाबाहेर, आणि तेही वरून पाहायचं. १९९८ च्या जूनमध्ये एका वैमानिकाला पश्चिमेकडच्या पठारावर माणसाची आकृती कोरलेली दिसली. डोक्यापासून पायापर्यंत काही किलोमीटर लांब. कोणी काढली, हे अजून उघड झालेलं नाही. २०१६ मध्ये पुसट झालेल्या रेषा यंत्राने पुन्हा उकरल्या गेल्या. चमत्कारिक दृश्य आहे, नाकारत नाही. पण माझं मन त्यात रमलं नाही. ही जमीन अराबाना या मूळ रहिवासी लोकांची आहे, २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि आकृती काढताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

विमान पुढे कटि थंडा–लेक एअर या खाऱ्या सरोवरावर जातं, तिथे मात्र डोळे हटत नाहीत. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा मीटर खाली, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचं पात्र. एरवी पांढरं मीठ. १९६४ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल यांनी याच मिठावर ताशी ६४८ किलोमीटर वेगाने मोटार पळवून विक्रम केला, इतकं ते कठीण आणि सपाट. पाणी येतं ते इथल्या पावसाचं नव्हे. दूर क्वीन्सलँडमध्ये मुसळधार पडतो, पूर कोरड्या नद्यांतून सावकाश सरकत आठवड्यांनी, कधी महिन्यांनी इथे पोचतो. मग गुलाबी, निळे, तपकिरी पट्टे उमटतात आणि शेकडो कोसांवरून पेलिकन येऊन घरटी करतात. अराबाना लोकांसाठी हे पात्र पवित्र आहे. त्यात उतरायचं नाही, वरून किंवा काठावरून पाहायचं.

यायचं असेल तर मे ते सप्टेंबर. थोडा पाऊस झाला तरी कच्चे रस्ते बंद होतात, बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, म्हणून निघण्याआधी रस्त्याचा फलक वाचा. पिण्याचं पाणी आणि इंधन लागेल त्याहून जास्त घ्या. जुलैत जमलं तर उंटांच्या शर्यती पाहायला मिळतील. विमानाची वेळ दुपारची ठरवा आणि सकाळ गावासाठी मोकळी ठेवा. आधी हॉटेल, मग स्टेशन, मग रूळ ओलांडून मशीद आणि शेवटी कबरस्तान. सगळं पायी होतं, फक्त उन्हं चढायच्या आत निघा.