ही माहिती नेमकी कोणाची?

नमस्कार. शेअर्ड स्टेटचा, म्हणजे वेब ॲपच्या अनेक भागांना लागणाऱ्या सामायिक माहितीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती सांभाळायला रिडक्स ही लायब्ररी घेऊ की झुस्टँड? त्यावर बोलूच, पण आधी एका बगची गोष्ट सांगतो. आज आपण स्टेटबद्दल ज्या शब्दांत बोलतो, त्यातले बरेच शब्द त्या बगमुळे आपल्याकडे आले आहेत.

फेसबुक उघडलं की मेसेजच्या आयकॉनवर आकडा दिसायचा, एक नवा मेसेज. क्लिक करावं तर आत नवीन काहीच नाही. आकडा जायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा हजर. तिथले इंजिनिअर बग दुरुस्त करायचे, काही काळ बरा जायचा, की परत तीच तक्रार. २०१४ च्या एफ८ या फेसबुकच्या डेव्हलपर परिषदेत तिथल्याच जिंग चेन यांनी हे मंचावरून मोकळेपणाने सांगितलं. मला त्याचं फार मोल वाटतं, कारण एवढी मोठी टीम ज्यात अडकते, तिथे दोष माणसांच्या हुशारीत नसतो, रचनेत असतो.

रचना काय होती? न वाचलेल्या मेसेजची माहिती पडद्यावर एकापेक्षा जास्त ठिकाणी लागत होती: वरचा आकडा, खालची चॅटची खिडकी, मेसेजचं मुख्य पान. नवा मेसेज आला की कोड प्रत्येक ठिकाणी जाऊन बदल करायचा. आकडा एकने वाढव, खिडकीत मेसेज जोड. मग अटी आल्या. खिडकी उघडी असेल आणि माणूस त्याच खिडकीत असेल तर आकडा वाढवू नकोस. मुख्य पानावर तोच संवाद उघडा असेल तरी वाढवू नकोस. नवं फीचर आलं की नवी अट, आणि एक जरी अट निसटली की आकडा एक सांगणार आणि यादी दुसरंच.

यावर त्यांनी फ्लक्स ही रचना मांडली. पडद्याने थेट डेटा बदलायचा नाही. काय घडलं एवढंच ॲक्शन म्हणून कळवायचं, स्टोअरने, म्हणजे डेटा ठेवणाऱ्या जागेने, आपला डेटा स्वतः बदलायचा, आणि पडद्याने स्टोअरमधून वाचायचं. प्रवाह एकाच दिशेने. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणलं: एकच स्टोअर, आणि जुनी स्टेट व ॲक्शन घेऊन नवी स्टेट परत करणारं साधं फंक्शन, म्हणजे रिड्यूसर. एल्म या भाषेचा त्यावर ठसा होता. पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत (रिअ‍ॅक्ट म्हणजे पडदा बांधायची लायब्ररी) अब्रामोव्ह यांनी ॲक्शन मागे-पुढे करत ॲपचा इतिहास उलगडून दाखवला, आणि आपण सगळेच भारावलो.

भारावलो ते योग्यच होतं. पण मग जे दिसेल ते आपण स्टोअरमध्ये कोंबायला लागलो, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. ऑर्डरची यादी सर्व्हरवरून आणायची, तर तीन ॲक्शन: मागणी सुरू, यश, अपयश. प्रत्येकीसाठी रिड्यूसरमध्ये जागा. एवढं लिहूनही मूळ प्रश्न तसाच. ही यादी आपली नाहीच. ती सर्व्हरची आहे, आपल्याकडे फक्त तिची प्रत आहे. ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणी एक ऑर्डर रद्द केली, तर आपल्या स्टोअरला त्याचा पत्ता नसतो.

प्रत सांभाळण्याचे प्रश्न वेगळे असतात. ती शिळी कधी धरायची? पडद्याच्या दोन भागांना, म्हणजे कम्पोनंटना, एकाच वेळी तीच यादी लागली तर मागणी एकदाच कशी जाईल? बदल सेव्ह केल्यावर कोणत्या प्रती बाद करायच्या? हे कॅशचे, म्हणजे जवळ ठेवलेल्या प्रतीचे, प्रश्न आहेत, आणि टॅनस्टॅक क्वेरी किंवा एसडब्ल्यूआर या लायब्ररी त्यासाठीच आहेत. टॅनस्टॅक क्वेरी तर आणलेला डेटा मुळातच शिळा धरते. तुम्ही दुसऱ्या टॅबवरून परत आलात की गुपचूप पुन्हा विचारते. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये हा एक भाग बाहेर काढला की स्टोअर इतकं आटतं की कोणती लायब्ररी घ्यायची हा वादच फारसा उरत नाही.

आणखी काही गोष्टी स्टोअरमधून उचलता येतात. यादीवर लावलेला फिल्टर, पान क्रमांक, शोधलेला शब्द: यांची जागा युआरएलमध्ये. 'पुणे, थकबाकी असलेले ग्राहक' असा फिल्टर लावून लिंक सहकाऱ्याला पाठवली आणि त्याला सगळेच ग्राहक दिसले, तर तुमची स्टेट चुकीच्या जागी आहे. तसंच, जे मोजून काढता येतं ते साठवू नका. कार्टमध्ये वस्तूंची यादी आहे ना? मग एकूण रक्कम आणि वस्तूंची संख्या रेंडरच्या, म्हणजे पडदा रंगवण्याच्या, वेळी काढा. ती वेगळी साठवलीत की फेसबुकच्या त्या आकड्याचा बग तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलात.

एवढं काढल्यावर खरी सामायिक स्टेट उरते ती थोडी. थीम, भाषा, साइड पॅनल उघडं की बंद, चार पायऱ्यांचा अर्धवट भरलेला फॉर्म. थीमसारख्या क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना रिअ‍ॅक्टचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे वरून दिलेली माहिती आतल्या कुठल्याही कम्पोनंटला वाचू देणारी सोय, पुरतो. मात्र इथे एक सापळा आहे. लॉगइन केलेला युजर, थीम आणि शोधाचा शब्द एकाच ऑब्जेक्टमध्ये घालून तो कॉन्टेक्स्टला माहिती पुरवणाऱ्या प्रोव्हायडरला दिला, की शोधाच्या खोक्यात एक अक्षर टाइप होताच नवा ऑब्जेक्ट बनतो, आणि त्या कॉन्टेक्स्टमधून वाचणारा प्रत्येक कम्पोनंट पुन्हा रेंडर होतो. फक्त थीम वाचणारासुद्धा. विनाकारण होणारं रेंडर टाळणारा मेमो लावूनही तो थांबत नाही. म्हणून कॉन्टेक्स्ट वेगवेगळे करा. सतत बदलणारी गोष्ट असेल तर सिलेक्टरने हवा तेवढाच तुकडा वाचू देणारं स्टोअर घ्या. लहान टीमला मी झुस्टँड सुचवतो. बरेच लोक एकाच कोडवर काम करत असतील आणि कोणी काय कधी बदललं हे मागे जाऊन पाहावं लागत असेल, तर रिडक्स टूलकिट. तिथे त्याची शिस्त खरंच कामाला येते.

सिग्नल्सबद्दल थोडक्यात. सिग्नल म्हणजे बदललं की आपल्यावर अवलंबून असलेल्या भागांना स्वतःच कळवणारं मूल्य. २०१० च्या नॉकआउट लायब्ररीमधले ऑब्झर्वेबल ज्यांनी वापरले, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. सॉलिड हे फ्रेमवर्क त्यावरच उभं आहे, अँग्युलर या फ्रेमवर्कने १६ व्या आवृत्तीत ते घेतलं, आणि जावास्क्रिप्ट भाषेतच ते यावेत असा प्रस्ताव २०२४ मध्ये ती भाषा ठरवणाऱ्या टीसी३९ समितीपुढे गेला. नेमका लागेल तेवढाच भाग अपडेट होतो, हा मोठा फायदा. पण माहिती कोणाची, हे सिग्नल तुमच्यासाठी ठरवत नाही.

शेवटी एक जागा, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: लॉगआउट. युजरचे दोन टॅब उघडे असतात. एकात तो लॉगआउट करतो, दुसऱ्याला कळतच नाही. लॉगइनची खूण, म्हणजे टोकन, ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवली असेल, तर तिथला बदल कळवणारा इव्हेंट इतर टॅबमध्ये येतो, ज्याने बदल केला त्या टॅबमध्ये येत नाही. म्हणून स्वतःच्या टॅबची सफाई वेगळी करावी लागते. ब्रॉडकास्ट चॅनलनेही दुसऱ्या टॅबला निरोप देता येतो. आणि टोकन पुसून थांबू नका. नुसतं लॉगइनच्या पानावर राउटरने पाठवलंत, पान रीलोड झालं नाही, तर टॅनस्टॅक क्वेरीची कॅश मेमरीत तशीच असते. बँकेच्या काउंटरवर किंवा दवाखान्याच्या रिसेप्शनवर एकाच कॉम्प्युटरवर दुसऱ्या माणसाने लॉगइन केलं, तर त्याला क्षणभर आधीच्याची यादी दिसू शकते. लॉगआउटच्या फंक्शनमध्ये स्टोअर रिकामं करा, क्वेरी क्लायंटची कॅश रिकामी करा, आणि याची टेस्ट लिहा: पहिला युजर बाहेर, दुसरा आत, पहिल्याचं नाव पडद्यावर एका रेंडरपुरतंही येता कामा नये.