क्रेफिशचं तळं कसं वाचावं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा: पुढे दोन नांग्या, मागे मांसल शेपूट, लांबी जेमतेम वीतभर. भारतात याची एकही देशी जात नाही. इथे दिसतो तो मत्स्यालयाच्या दुकानांतून आलेला. म्हणून आज उदाहरण स्वीडनचं घेऊ. तिथे रोग, त्यावरचा उपाय आणि जेवणाची हौस ही तिन्ही इतकी एकमेकांत गुंतली आहेत की नुसत्या जीवशास्त्राने त्यांचा उलगडा होत नाही.

तिथली मूळची जात ‘फ्लोडक्रेफ्ता’. ऑगस्टमध्ये शेपूच्या फुलोऱ्यासह खारट पाण्यात उकडून, गार करून ती खायची, सोबत कागदी टोप्या, गाणी आणि मद्य. जास्त पकड होऊ नये म्हणून पूर्वी ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पकडायला कायद्याने बंदी होती. त्यातूनच या मेजवानीची तारीख ठरत गेली. १९९४ साली बंदी उठली, तरी पंगती ऑगस्टमध्येच बसतात.

१९०७ साली फिनलंडहून आलेल्या मालातले मेलेले क्रेफिश स्टॉकहोममध्ये पाण्यात फेकले गेले, आणि मेलारेन सरोवरात क्रेफिश-प्लेग शिरला. युरोपात हा रोग १८५९ मध्ये इटलीत पहिल्यांदा दिसला होता. रोगाचं कारण ‘अफॅनोमायसेस अस्ताची’ हा सूक्ष्मजीव: दिसायला बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे. त्याचे पोहणारे बीजाणू कवचातून आत शिरतात आणि युरोपीय जाती काही दिवस-आठवड्यांत मरतात. स्वीडनमधल्या मूळ जातीच्या ९५ टक्क्यांहून अधिक वसाहती अशाच संपल्या. त्यात इतर कारणंही होती, पण प्लेग सर्वांत मोठं.

मग १९६० मध्ये कॅलिफोर्नियातून ‘सिग्नल’ क्रेफिश आणला गेला. प्लेगने तो मरत नाही, चवीला चांगला, रिकामी तळी भरतील, असा हिशेब होता. १९६९ पासून तो मोठ्या प्रमाणावर सोडला गेला. पुढे स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या टोर्ग्नी उनेस्टाम यांच्या संशोधनातून उलगडलं की तो मरत नाही, कारण रोगजंतू त्याच्या कवचातच अडकून राहतो. काळे डाग पडतात, प्राणी जगतो आणि बीजाणू पाण्यात सोडत राहतो. म्हणजे उपाय म्हणून आणलेला प्राणीच रोगाचा कायमचा साठा ठरला.

इथे समाजाचा अभ्यास लागतो. स्वीडनमध्ये मोठी सरोवरं वगळली तर मासेमारीचा हक्क बहुतांशी जमीनमालकाचा. तळं रिकामं झालं की मालकाचं उत्पन्न जातं आणि ऑगस्टची पंगतही. मग शेजारच्या तळ्यातून बादलीभर सिग्नल गुपचूप आणून सोडण्याचा मोह होतो. त्या बादलीची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही! म्हणून परवान्यांच्या यादीत फक्त अधिकृत सोडणी दिसते. नकाशावर प्लेगच्या तारखा मांडल्या आणि जवळच्या सिग्नल-वसाहतींपासूनचं अंतर मोजलं, तरच बाकीचं समोर येतं. २०१६ पासून सिग्नल युरोपीय संघाच्या आक्रमक जातींच्या यादीत आहे, तरी व्हेटर्न सरोवरात त्याची व्यापारी पकड चालू आहे. विसंगती खरी, पण तिथल्या मच्छीमारांची कमाई त्यावर आहे, हे मान्य केल्याशिवाय कुठलंही धोरण चालत नाही.

आता प्रत्यक्ष पाहणी. जात ओळखायची तर नांगीचा सांधा वरून पाहा: सिग्नलला तिथे पांढरा-निळसर ठिपका असतो आणि नांगी गुळगुळीत. फ्लोडक्रेफ्ताची नांगी खरबरीत, खालून लालसर. मानेच्या खाचेमागे बोट फिरवलं तर काटे टोचतात. सिग्नलला तिथे काटे नसतात. सापळे संध्याकाळी लावायचे, आमिष ताज्या माशाचं, पाणी बऱ्यापैकी कोमट असताना. सकाळी दर सापळ्यामागे किती प्राणी मिळाले ते लिहायचं. हा आकडा मात्र फसवा असतो. सापळ्यात मोठे नर जास्त येतात, पिल्लं जाळीतून निसटतात, अंडी बाळगणारी मादी बाहेरच पडत नाही, कात टाकणारा खातच नाही. शून्य आलं म्हणजे तळं रिकामं, असं म्हणता येत नाही. त्याच कारणाने सापळ्यांनी सिग्नल संपवणंही सहसा जमत नाही. मोठे नर काढले की पिल्लं खाणारे कमी होतात, आणि पुढल्या वर्षी लहानांची गर्दी वाढते.

याला जोड म्हणून पाणी गाळून त्यातल्या डीएनएची तपासणी करतात. पण विरळ वसाहत असेल तर तीही चुकते. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी आणि ऋतूंत नमुने घ्यावेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना जाळी, बूट आणि बोट पूर्ण कोरडी करावी किंवा उकळत्या पाण्याने धुवावी. नुसतं झटकून चालत नाही, कारण ओल्या जाळीत बीजाणू जिवंत राहतात.

प्लेगनंतर मूळ जात परत सोडायची, तर एक गोष्ट जमेची: या रोगजंतूला टिकून राहणारी सुप्त अवस्था नसते. वाहक क्रेफिश उरला नाही की रोगही उरत नाही. खात्रीसाठी काही निरोगी फ्लोडक्रेफ्ता पिंजऱ्यात ठेवून काही महिने पाहतात. थंड पाण्यात रोग फार हळू पसरतो. म्हणून नुसत्या हिवाळ्यात जगलेल्या पिंजऱ्यावर विसंबून सोडणी करू नये. चाचणीच्या मुदतीत उन्हाळा आलाच पाहिजे.